उचंत खाते आणि एक जुनी पिकअप

सांगलीच्या गणपती पेठेत हळद, गूळ आणि बेदाण्याचा व्यापार करणारी एक जुनी पेढी आहे. पेढीकडे २००८ साली घेतलेली पिकअप गाडी आहे. सर्व खर्च धरून ती त्या वेळी ४ लाख रुपयांना पडली होती. दरसाल १५ टक्के घसारा वजा करीत गेल्यास १५ वर्षांनी वह्यांमध्ये तिची किंमत ३५ हजारांच्या आसपास उरते. वहीतली किंमत आणि वापरातली किंमत वेगळी असते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आठवड्यातून तीन वेळा ही गाडी सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज या वाटेने साताऱ्याच्या दुकानाला माल पोहोचविते. एका बाजूचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात जाते. सांगलीची पेढी थोरले बंधू, ज्यांना घरीदारी सारे अण्णा म्हणतात, आणि त्यांचा मुलगा पाहतात. साताऱ्याचे दुकान धाकटे बंधू सांभाळतात. गाडीचे चालक या गाडीच्याही आधीपासून पेढीवर आहेत. लहानथोर त्यांना मामा म्हणून हाक मारतात.

२०२२ च्या उन्हाळ्यापासून गाडी कुरकुर करू लागली. शनिवारी संध्याकाळी गोदामात लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ मारताच नुसता ‘कट्’ असा आवाज करून गप्प बसे. हमालांनी धक्का दिला की चालू होई. जूनमध्ये नवी बॅटरी बसविली. ती सात महिने चालली. २०२३ च्या जानेवारीत दुसरी घेतली, ऑगस्टमध्ये तिसरी. बॅटरीच्या दुकानदाराने प्रत्येक वेळी तपासून एकच उत्तर दिले: बॅटरीत दोष नाही, ती वारंवार पूर्ण उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहते, म्हणून तिच्या पट्ट्या निकामी होतात; गाडीत काहीतरी चालू राहत असले पाहिजे. त्यामुळे हमीपत्राचाही उपयोग झाला नाही.

‘काहीतरी चालू राहते’ या वाक्याचा अर्थ पेढीवर फार लवकर लावला गेला. साताऱ्याला मुक्काम पडला की मामा गाडीच्या केबिनमध्येच झोपतात. तेव्हा रात्री टेप किंवा केबिनचा दिवा चालू ठेवत असणार, असा अण्णांच्या मुलाने निष्कर्ष काढला. मामांनी सांगून पाहिले, “छोटे शेठ, टेपचा एक स्पीकर दोन वर्षांपासून बंद आहे. लावून ऐकणार काय?” परंतु तीन बॅटऱ्यांचे २१ हजार रुपये समोर दिसत होते आणि दुसरे कारण कोणाला सुचत नव्हते. तिसऱ्या बॅटरीची निम्मी रक्कम, ३,५०० रुपये, मामांच्या नावे टाकण्यात आली आणि दरमहा ५०० रुपये पगारातून कापावेत असे ठरले. अण्णांना ते फारसे रुचले नव्हते. पण गाडीचा कारभार मुलाकडे सोपविल्यामुळे ते बोलले नाहीत.

तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकावी लागते, हे ज्यांनी वह्या लिहिल्या त्यांना ठाऊक आहे. त्यात गैर काही नाही. चूक सापडली की ती रक्कम तेथून काढून योग्य खात्यावर न्यावयाची असते. अडचण अशी की रक्कम उचंतात गेली की तेरीज जुळल्यासारखी दिसते, आणि जुळलेल्या तेरजेत कोणी चूक शोधीत बसत नाही. पेढीवर आणि घरीही असे एक उचंत खाते असते, आणि ते बहुधा घरातल्या नोकराच्या नावाने उघडलेले असते. हरवलेली चावी, फुटलेली बरणी, उतरलेली बॅटरी, ज्याचा उलगडा होत नाही ते सारे त्या खात्यावर जाते. मामांचे तसेच झाले.

खरा दोष कोठे होता हे कळण्यासाठी २०१९ च्या ऑगस्टपर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय घडले याची कल्पना यावी. गणपती पेठ, हरभट रस्ता, मारुती रस्ता सारे पाण्यात होते. पेढीवरचा माल वरच्या मजल्यावर चढविताना दमछाक झाली. गाडी हलविण्याचे लक्षात आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कमरेइतके पाणी होते. गाडी पाच दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. पूर ओसरल्यावर इंजिन उघडून तेल बदलले, सीट नव्या केल्या, ब्रेकचे काम केले. वायरिंग मात्र उन्हात वाळविले. किल्ली फिरविली, सगळे दिवे लागले, हॉर्न वाजला, आणि त्या विषयावर पडदा पडला.

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक राहिले तर ते कळकते, हे आपल्या घरांतील गृहिणींना सांगावे लागत नाही. तांब्यापितळेवर हिरवट थर चढतो तो याच जातीचा. गाडीच्या वायरी तांब्याच्या अनेक बारीक तारा एकत्र पिळून केलेल्या असतात. पुराचे गढूळ पाणी कपलरच्या तोंडातून आत शिरते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे तारांच्या फटींतून इन्सुलेशनच्या आत हळूहळू वर चढत जाते. बाहेरून वायर लाल, निळी, पिवळी, जशीच्या तशी दिसते. आत तांबे काळे पडत असते. हा रोग लगेच दिसत नाही. दोनतीन वर्षांनी, पूर विसरला गेल्यावर तो डोके वर काढतो. तोवर त्याचा पुराशी संबंध कोणी जोडीत नाही.

येथे गाडीच्या विजेची एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. घरातल्या प्रत्येक दिव्याला दोन वायरी असतात, एक वीज नेणारी आणि एक परत आणणारी. गाडीत मात्र बहुतेक ठिकाणी नेणारी वायर तेवढी असते. परतीचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिवा, प्रत्येक मोटर आपापल्या जवळच्या लोखंडाला जोडलेली असते. याला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. वायरीसाठी लागणारे निम्मे तांबे वाचविणारी ही व्यवस्था आहे, आणि ज्याने तांब्याचे भाव पाहिले आहेत त्याला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे. वायर तुटली तर दिसते. लोखंडाला जेथे अर्थ जोडला आहे त्या बोल्टखाली गंज आला तर दिसत नाही.

१८४५ साली गुस्टाव्ह किरखॉफ या जर्मन तरुणाने, विद्यार्थिदशेत असतानाच, विजेच्या जाळ्यासाठी एक नियम मांडला. कोणत्याही सांध्यावर जेवढा प्रवाह येतो तेवढाच तेथून निघतो. ना कमी, ना जास्त. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या माणसाला हा नियम मुळीच नवा वाटणार नाही. जमेला नावे असलेच पाहिजे. बॅटरीतून निघालेला प्रवाह बॅटरीकडे परतलाच पाहिजे. राजमार्ग बंद असेल तर तो आडवाटेने परततो, आणि जुन्या गाडीत जी भुताटकी वाटते तिचे मूळ बहुतेक वेळा या आडवाटेत असते.

या गाडीतही अशी भुताटकी होती. ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा इंडिकेटर मंद पेटे. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा त्याच तालात मिचमिचे. पुढचे दिवे गाडीचा वेग कमी झाला की पिवळे पडत. यांपैकी कोणतीच तक्रार माल पोहोचण्याच्या आड येत नसल्याने पेढीवर तिची नोंद झाली नाही.

ती झाली २०२४ च्या जानेवारीत, आणि तीही साताऱ्याला. ऊस तोडणीचे दिवस होते. सांगली ते पेठ नाका या रस्त्यावर त्या दिवसांत रात्री उसाने भरलेल्या दोनदोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, असलाच तर लोंबणाऱ्या उसाने झाकलेला असतो. मामा पहाटेच्या अंधारात चार वाजता माल घेऊन निघाले होते. पिवळ्या पडलेल्या दिव्यांत त्यांना पुढची ट्रॉली दिसली ती अवघ्या दहापंधरा हातांवर. गाडी त्यांनी रस्त्याखाली घातली. कोणाला इजा झाली नाही, गुळाच्या काही ढेपा फुटल्या. साताऱ्याला पोहोचल्यावर त्यांनी धाकट्या मालकांना ढेपांचा हिशेब दिला आणि मग एवढेच म्हणाले, “मालक, ढेपांचेही माझ्या नावे टाका. पण या गाडीवर रात्री मला आता पाठवू नका.”

धाकटे बंधू स्वभावाने शांत आहेत. त्यांनी त्या दिवशी सांगलीला फोन केला नाही. महिनाअखेरीस गाडीचे पासिंग होते. माल वाहणारी गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की दरवर्षी आरटीओकडे योग्यता तपासून घ्यावी लागते, आणि तेथे पुढचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर हे सारे पाहिले जाते. पासिंगचे निमित्त करून त्यांनी गाडी दोन दिवस साताऱ्यातच ठेवून घेतली आणि महामार्गालगत वाढे फाट्याच्या बाजूला शेड असलेल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली.

या मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडले नाही. त्यांनी स्टूल ओढले, मामांना बसविले आणि विचारले, “मामा, गाडी तुमच्या हातात किती वर्षं? काय काय करते ते एकेक सांगा. शेठ, तुम्ही मध्ये बोलू नका.”

दीड वर्षात तीन बॅटऱ्या बदलल्या गेल्या, तीन दुकानदारांचे मत घेतले गेले, पण गाडी चालविणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मामांनी जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. गाडी रविवारी उभी राहिली तर सोमवारी हमखास बंद पडते, रोज चालली तर नाही. सेल्फ दोनतीनदा मारला की अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते. पावसात ब्रेकच्या दिव्याची गंमत वाढते. इंजिन चालू असताना दिवे लावले आणि हॉर्न वाजविला तर दिवे आणखी बसतात. मिस्त्रींनी केबल गरम होते हे दोनदा विचारून घेतले आणि मगच ते उठले.

त्यांची हत्यारे फार नव्हती. एक मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा एक बल्ब, जाड केबलचा एक तुकडा, पॉलिश पेपर आणि पाने. मल्टिमीटरची एक टोचणी त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली, दुसरी इंजिनच्या अंगावर, आणि मामांना सेल्फ मारायला सांगितला. ही दोन ठिकाणे लोखंडाने आणि जाड पट्टीने एकमेकांना जोडलेली. तेव्हा त्यांच्यात विजेचा दाब जवळजवळ शून्य दिसायला हवा, फार तर २-३ दशांश व्होल्ट. आकडा २ व्होल्टच्या वर गेला. मग त्यांनी जाड केबलचा तुकडा बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनवर धरला आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. इंजिन पहिल्या फेऱ्याला लागले. इतक्या महिन्यांत त्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते, म्हणून ते सांगाड्याला विजेच्या दृष्टीने आपोआप जोडलेले नसते. त्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. या गाडीची ती पट्टी पुराच्या पाण्यात राहून आतून कुजली होती. बोल्ट काढताच तिचे टोक हातात आले. डिझेल इंजिन फिरविताना सेल्फ शेदीडशे अँपिअर सहज ओढतो. एवढा प्रवाह परतायचा कोठून? मिळेल त्या धातूच्या दोऱ्यातून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. ती गरम होत होती त्याचे कारण हे. अल्टरनेटरही इंजिनवरच बसलेला. त्याने तयार केलेली वीज बॅटरीत भरण्यासाठी याच पट्टीवरून फेरा पूर्ण करावा लागतो. पट्टी कुजल्यामुळे बॅटरी निघताना अपुरी भरे आणि सुरू करताना जास्त झिजे. दोन्हीकडून तोटा.

नवी पट्टी बसविली. बोल्टखालचे लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले आणि वर ग्रीस लावले. हे काम दिसायला क्षुल्लक आहे, परंतु रंगावर आवळलेला बोल्ट आणि उघड्या लोखंडावर आवळलेला बोल्ट यांत विजेच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक असतो. पुढच्या दिव्यांचा अर्थ असाच गंजलेल्या पत्र्यावर होता. साधे गणित पाहावे. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. परतीच्या वाटेवर गंजामुळे ०.२ ओहम एवढा अडथळा असला तरी तेथेच २ व्होल्ट खर्ची पडतात आणि दिव्यांच्या वाट्याला १० उरतात. बल्बचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटतो. २ व्होल्ट गेले की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. ट्रॉली दहापंधरा हातांवर दिसली याचा हिशेब या ०.२ ओहममध्ये होता.

मागच्या दिव्यांचे कोडे त्याहून मजेदार निघाले. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक रात्रीच्या लाल दिव्याची, दुसरी ब्रेकची. दोहोंचा अर्थ एकच. तो तुटला तेव्हा ब्रेकच्या तारेतून आलेला प्रवाह परतीची वाट शोधत त्याच बल्बच्या दुसऱ्या तारेतून उलटा शिरे आणि शेजारच्या दिव्यांतून हिंडत कोठेतरी लोखंडाला मिळे. वाटेतले दिवे मंद पेटत. मिस्त्रींनी एका वायरीने दिव्याचा अर्थ सांगाड्याला जोडून दाखविला आणि सगळी भुते क्षणात पळाली. धाकटे बंधू हसले. मामा हसले नाहीत. ते दिव्याकडे पाहत राहिले.

पहिला दिवस येथे संपला. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी धाकटे बंधू घरी गेले. गाडी शेडमध्येच राहिली. बॅटरी पूर्ण भरून, सगळे बंद करून, मिस्त्रींनी तिचा दाब लिहून ठेवला: १२.६ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी तो १२.४ होता. म्हणजे गळती अजून होतीच.

आता त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकाची केबल सोडली आणि मधे मीटर जोडला. गाडीत सगळे बंद असताना मीटरवर ०.७ अँपिअर दिसत होते. या गाडीत घड्याळाशिवाय रात्रभर चालू राहणारे काही नाही; ०.०५ अँपिअरसुद्धा जास्त म्हणावे लागले असते. ०.७ अँपिअर म्हणजे २४ तासांत जवळजवळ १७ अँपिअर-तास. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला तिसरा हिस्सा गुपचूप निघून जात होता, आणि ती बॅटरी मुळात अर्धीमुर्धीच भरलेली असे.

मिस्त्रींनी पहिल्यांदा टेपचा फ्यूज काढला. आकडा जागचा हलला नाही. मामांनी धाकट्या मालकांकडे पाहिले, पण बोलले काही नाहीत. केबिनच्या दिव्याचा फ्यूज काढला, ०.७. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, एकेक करीत सगळे फ्यूज बाहेर आले. आकडा तोच. सगळे फ्यूज काढूनही गळती चालू असेल तर ती फ्यूजपेटीतून न जाणाऱ्या वायरीवर असली पाहिजे, आणि अशी जाड वायर अल्टरनेटरची असते. ती सोडताच आकडा शून्याजवळ आला.

अल्टरनेटर फिरताना उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि त्याच्या आतले डायोड तिला एका दिशेने वळवितात. डायोड म्हणजे एका बाजूनेच उघडणारे दार. त्यातले एक दार नीट मिटत नव्हते. त्यामुळे गाडी उभी असताना बॅटरीतली वीज रात्रभर उलटी अल्टरनेटरमध्ये झिरपत होती, आणि गाडी चालू असताना तेच अल्टरनेटर कमी वीज देत होते. मामा केबिनमध्ये झोपले काय किंवा घरी गेले काय, बॅटरीला त्याचे सोयरसुतक नव्हते. डायोडची प्लेट बदलायला मिस्त्रींना दोन तास लागले.

फ्यूज काढताना मिस्त्रींना आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती त्यांनी मुद्दाम शेवटी काढली. पेटीत एका ठिकाणी १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजऐवजी ३० चा हिरवा होता, आणि दुसऱ्या ठिकाणी फ्यूजच्या पायांना तांब्याची तार गुंडाळलेली. शिवाय बॅटरीच्या धन टोकापासून एक पातळ वायर कोणत्याही फ्यूजविना सरळ मागे गेली होती. रात्री माल उतरविण्यासाठी हौद्यात लावलेल्या दिव्याची ती वायर. पत्र्याच्या भोकातून जाताना तिचे इन्सुलेशन घासून तांबे उघडे पडले होते. त्या भोकापासून बोटभर अंतरावर गोणपाटाची घडी होती. दिवा दोन दिवाळ्यांपूर्वी हंगामाच्या घाईत लावला होता आणि लावून घेणारे अण्णांचे चिरंजीवच होते, हे धाकट्या बंधूंना आठवले.

“शेठ, बॅटरी या वायरीनं खाल्ली नाही,” मिस्त्री म्हणाले, “पण एखाद्या दिवशी गाडी हिनं खाल्ली असती. लोकांना वाटतं फ्यूज दिव्यासाठी असतो. फ्यूज वायरीसाठी असतो.” हे वाक्य प्रत्येक पेढीवर लिहून लावावे असे आहे. वायर जेवढा प्रवाह सोसू शकते त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे धोक्याची घंटा फार वाजते म्हणून तिचा लोलक काढून ठेवणे. उघड्या तांब्याचा सांगाड्याला स्पर्श झाला असता तर बॅटरीतला सगळा प्रवाह त्या पातळ वायरीतून धावला असता, वायर लालबुंद झाली असती, आणि हौद्यात गोणपाट, पुठ्ठा, हळद. केबिनमध्ये झोपलेल्या माणसाचा विचार येथे कोणालाही सुचावा.

दोन दिवसांची मजुरी, पट्टी, डायोडची प्लेट, पुढच्या दिव्यांसाठी दोन रिले, पुरात भिजलेल्या भागातल्या काही नव्या वायरी आणि कपलर, असे सर्व मिळून ९,४०० रुपये झाले. रिले घातल्यामुळे दिव्यांचा प्रवाह आता डॅशबोर्डावरच्या जुन्या स्विचमधून फिरत नाही, बॅटरीकडून जवळच्या वाटेने जातो. जुन्या गाडीला हा बदल करून घेण्यासारखा आहे. उरलेले सगळे वायरिंग मात्र बदलू नका, असे मिस्त्रींनीच सांगितले. कळकलेले तेवढे काढावे, चांगल्याला हात लावू नये.

अण्णांचा मुलगा गाडी विकावी या मताचा होता आणि आजही आहे. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. १५ वर्षांवरील गाड्यांच्या पासिंगचे शुल्क २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे, नव्या गाडीला डिझेल कमी लागते, आणि पुरात भिजलेल्या गाडीत आणखी काय दडले आहे हे सांगता येत नाही. अण्णांचे म्हणणे एवढेच, की विकायची असेल तर दोष कळून विकू. आणि घेणाऱ्याला ही गाडी पाच दिवस पाण्यात होती हे सांगून विकू. हा वाद घरात अजून मिटलेला नाही.

मिस्त्रींचे बिल धाकट्या बंधूंनी सांगलीला पाठविले तेव्हा त्यासोबत एक कागद जोडला होता. कोणता दोष, कोठे, कशामुळे, तीनचार ओळींत. टेपचा फ्यूज काढल्यावर मीटरवर किती आकडा होता आणि अल्टरनेटरची वायर सोडल्यावर किती, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी लिहिले होते. बाकी काही लिहिले नव्हते. अण्णांनी तो कागद मुलापुढे ठेवला. मुलगा हुशार आहे, त्याला दोन आकडे पुरले. मामांच्या पगारातून तोवर पाच हप्ते, २,५०० रुपये, कापून झाले होते. ३१ मार्चला वह्या बंद करण्यापूर्वी ती नोंद उलटविण्यात आली; मामांच्या खात्यावरचे ३,५०० दुरुस्ती खर्चाला नावे पडले आणि कापलेली रक्कम रोख परत देण्यात आली. फुटलेल्या ढेपा घटीत धरल्या. पैसे मुलाने स्वतः नेऊन दिले. काय बोलणे झाले ते ठाऊक नाही, कारण ते गोदामाच्या मागे, गाडीजवळ झाले. मामा दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे चार वाजता निघाले.

पासिंगला दिव्यांबद्दल एकही शेरा आला नाही. गाडीच्या कप्प्यात आता एक वही आहे. तीत कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा, कोणती वायर कोठून कोठे जाते, हे मामांच्या अक्षरात लिहिलेले आहे. नवी वायर ओढायची झाली तर आधी त्या वहीत लिहावी लागते, मालकांनासुद्धा. हौद्यातला दिवा पुन्हा लावला आहे, फ्यूज घालून आणि भोकाला रबर बसवून. दर रविवारी संध्याकाळी मामा बॅटरीचा दाब मोजून वहीत टिपतात. साताऱ्याच्या मिस्त्रींनी त्यांना एक साधा मीटर घ्यायला लावला.

डिझेलचा काटा मात्र अजूनही अर्ध्यावर अडकलेला आहे. टाकी भरलेली असो वा रिकामी, तो तेथून हलत नाही. मिस्त्रींचे म्हणणे, त्याचाही अर्थ टाकीवर गंजला असावा, पण टाकी उतरविल्याशिवाय सांगता येणार नाही. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले आहेत, आता गाडी दोन दिवस उभी करणे परवडणारे नाही. तोवर मामा पूर्वीसारखे किलोमीटर मोजून डिझेल भरतात.